घोड्याचा पाय आणि साहेबांची सही

मे १८६१ मधली गोष्ट. फ्रान्सच्या मध्यभागात कोमांत्री नावाचं गाव आणि तिथली कोळशाची खाण. सेंट एडमंड नावाच्या खाणीत सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. त्या काळी खाणीत खाली घोडेच असायचे, कोळशाच्या गाड्या तेच ओढायचे. घोडा नाही म्हणजे गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणजे कोळसा जागचा हलणार नाही. तिथल्या तरुण इंजिनिअरनं लगेच चिठ्ठी लिहिली, दुसरा घोडा द्या. तबेल्यावरच्या माणसानं चिठ्ठी घेतलीच नाही. म्हणाला, यावर मोठ्या साहेबांची सही नाही. मोठे साहेब जागेवर नव्हते. ते नसताना त्यांचं काम कोणी बघायचं, ते कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. इंजिनिअरनं विनवणी केली. तबेलेवाला हलला नाही, मला तसा सक्त हुकूम आहे म्हणाला. घोडा मिळालाच नाही. सहाव्या पातळीवरचं उत्पादन बुडालं.

तो इंजिनिअर तेव्हा १९ वर्षांचा होता. नाव हेन्री फेयॉल. त्यानं ही हकीकत वहीत टिपून ठेवली. आणि त्यातून काय काढलं? तबेलेवाला अडेलतट्टू आहे, त्याला काढून टाका, असं नाही काढलं. त्यानं काढलं ते असं की अधिकाराची खुर्ची रिकामी राहता कामा नये. साहेब नसतील तर त्यांच्या जागी सही कोणाची, हे आधीच ठरलेलं पाहिजे. तबेलेवाला हुकमाप्रमाणेच वागला होता. चूक हुकूम देणाऱ्याची होती.

वाचताना ओळखीचं वाटलं ना? तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करताना मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल, तर ते म्हणजे "साहेब नाहीत." साहेब मीटिंगला गेलेत. साहेब व्हीसीत आहेत. साहेबांकडे दोन ठिकाणचा चार्ज आहे, ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. खिडकीपलीकडचा क्लार्क काही खोटं बोलत नसतो. त्यालाही तसा हुकूम असतो. अलीकडं उभ्या असलेल्या माणसाचा मात्र घोडा मेलेला असतो, आणि त्या दिवसाची मजुरीही.

आता गंमत बघा. या फेयॉलला आपल्याकडची लाखभर पोरं दर वर्षी पाठ करतात म्हटलं तर वावगं होणार नाही. बारावी कॉमर्सला 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' हा विषय असतो, आणि त्यात व्यवस्थापनाची तत्त्वं हा पहिलाच धडा. हेन्री फेयॉल यांची १४ तत्त्वे स्पष्ट करा. कार्यविभागणी, अधिकार आणि जबाबदारी, शिस्त, आदेशातील एकवाक्यता... पोरं घडाघडा म्हणून दाखवतात. पेपर देतात आणि जूनमध्ये कॉलेजच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला जातात. तिथं त्यांना कळतं की साहेब नाहीत.

पुस्तकात ही तत्त्वं इतकी कोरडी करून टाकलीत की ती कुणाला उद्देशून लिहिली होती, तेच हरवून गेलंय. आपल्याकडे मॅनेजमेंट म्हटलं की खालच्या माणसाकडून काम कसं काढून घ्यायचं, एवढाच अर्थ उरतो. थम्ब मशीन लावा, कॅमेरे लावा, मेमो द्या. मूळ लिखाण बघितलं तर ही १४ तत्त्वं बहुतेक करून वरच्या माणसाला बांधणारी आहेत. मला आज तेवढंच सांगायचंय, पण त्यासाठी हा माणूस कोण होता ते थोडं बघू.

फेयॉलचा जन्म १८४१ चा, इस्तंबूलचा. वडील तिकडे कामानिमित्त होते. सेंट एतिएनच्या खाण महाविद्यालयातून तो १८६० मध्ये इंजिनिअर झाला आणि थेट कोमांत्रीच्या खाणीवर रुजू झाला. सुरुवातीची वर्षं गेली ती जमिनीखालच्या आगी विझवण्यात. कोळशाच्या थरांना आपोआप आग लागायची, ती कशी रोखायची यावर त्यानं अभ्यास केला. १८६६ मध्ये, पंचविशीत, तो खाणीचा मॅनेजर झाला. १८७२ मध्ये त्याच्याकडे खाणींचा अख्खा गट आला. आणि १८८८ मध्ये त्याला कंपनीचा प्रमुख केलं, कारण कंपनी बुडायला टेकली होती. १८८५ पासून भागधारकांना लाभांश मिळालेला नव्हता. कोमांत्रीचा कोळसा संपत आलेला, लोखंडाचे कारखाने तोट्यात.

पुढची ३० वर्षं, म्हणजे १९१८ पर्यंत, त्यानं ती कंपनी चालवली आणि सोडली तेव्हा ती भक्कम होती. त्यानं नव्या खाणी घेतल्या, १८९१ मध्ये ब्रासाक, १८९२ मध्ये दकाझव्हिल. पण यशाचं श्रेय तो नव्या यंत्रांना देत नसे. त्याचं म्हणणं असं की खाणी त्याच, कारखाने तेच, माणसं तीच, बाजारही तोच. बदलली ती कारभाराची पद्धत. १९१६ मध्ये त्यानं हे सगळं लिहून काढलं. त्याच्या पुस्तकाच्या फ्रेंच नावात 'मॅनेजमेंट' हा शब्दच नाही. त्यात जो शब्द आहे, त्याला आपल्या भाषेत 'कारभार' हाच चपखल शब्द आहे. गावाचा कारभार, घराचा कारभार, तोच. फेयॉलचंही म्हणणं तेच होतं की कारभार फक्त कारखान्याला नसतो, तो सरकारला असतो, सैन्याला असतो, अगदी घरालाही असतो.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकात येत नाही, ती सांगतो. फेयॉल ज्या मुलखात काम करत होता, तिथलं वातावरण काही शांत नव्हतं. दकाझव्हिलची खाण त्याच्या कंपनीकडे यायच्या सहा वर्षं आधी, २६ जानेवारी १८८६ ला, तिथल्या संपकरी खाणकामगारांनी वात्रँ नावाच्या अधिकाऱ्याला खिडकीतून बाहेर फेकलं. त्यात त्याचा जीव गेला. सगळ्या फ्रान्समध्ये खळबळ उडाली, संप पुढे कित्येक महिने चालला. आणि खुद्द कोमांत्रीत? तिथं १८८२ मध्ये क्रिस्तोफ तिव्रिए हा एकेकाळचा खाणकामगार नगराध्यक्ष झाला. जगातला पहिला समाजवादी नगराध्यक्ष म्हणून त्याचं नाव घेतात. १८८९ मध्ये तो खासदार झाला आणि संसदेत कामगारांचा निळा सदरा घालून बसायला लागला. म्हणजे गावात सकाळी खाणीचा साहेब फेयॉल, आणि नगरपालिकेत बसलेला तिव्रिए. अशा गावात शिस्त नुसत्या दमदाटीनं टिकत नाही, हे कळायला पुस्तक लागत नाही.

म्हणून त्याचं शिस्तीवरचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. शिस्त हे तत्त्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छडी येते. फेयॉल म्हणतो, शिस्त म्हणजे कंपनी आणि कामगार यांच्यात जे ठरलंय, ते पाळणं. म्हणजे आधी काहीतरी ठरलेलं पाहिजे. ते स्पष्ट पाहिजे आणि रास्त पाहिजे. आणि कुठं शिस्त बिघडलेली दिसली, तर आधी वरच्यांकडे बघा, कारण शिस्त ही वरचे जशी ठेवतात तशी असते. आपल्या आजूबाजूला किती कंत्राटी माणसं आहेत, ज्यांच्या हातात नेमणुकीचा साधा कागद नाही? पगार किती ठरला, कापला किती, पीएफ भरला की नाही, सुट्टी कुठली, काहीच लिहून दिलेलं नाही. त्यांच्याकडून शिस्त मागणारा साहेब फेयॉलच्या हिशोबात पहिल्या पायरीवरच नापास.

फेयॉल काही कामगारांचा कैवारी नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तो कंपनीचा माणूस होता, भागधारकांचा नफा हेच त्याचं काम होतं. त्याच्याकडून क्रांतीची अपेक्षा ठेवू नका. पण नफ्याचा हिशोब मांडणारा माणूससुद्धा कुठं येऊन पोचतो, ते बघण्यासारखं आहे.

त्याच काळात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर होता. पुस्तकात हे दोघं शेजारी शेजारी येतात, त्यामुळं पोरांना ते भाऊ-भाऊ वाटतात. टेलरनं सुरुवात खालून केली, हातात घड्याळ घेऊन. बेथलेहेम स्टील कंपनीत लोखंडाच्या लगडी उचलणाऱ्या एका मजुराचा किस्सा त्यानं १९११ च्या पुस्तकात सांगितलाय. दिवसाला साडेबारा टनांऐवजी तो साडेसत्तेचाळीस टन उचलायला लागला, आणि मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. आकडे टेलरचेच. काम जवळपास चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. बाकी हिशोब तुम्हीच करा.

पण आपल्या विषयाला टेलरची दुसरी गोष्ट जास्त लागू आहे. त्याचं म्हणणं होतं की एका मुकादमाला सगळंच कसं कळणार? म्हणून मुकादमाचं काम आठ जणांत वाटा. एकजण वेग बघेल, एकजण दर्जा, एकजण दुरुस्ती, एकजण वेळ आणि खर्च, असे आठ. कागदावर फार छान दिसतं. फेयॉलनं याला ठाम विरोध केला. माणसाला हुकूम देणारा एकच असावा, हे त्याचं चौथं तत्त्व. आदेशातील एकवाक्यता. दोघंजण एकाच माणसाला हुकूम देऊ लागले की अधिकार सैल होतो, शिस्त जाते, गोंधळ माजतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं उदाहरणं दिलीत ती घरगुती धंद्यांचीही आहेत. सारख्या अधिकाराचे दोन भागीदार, दोन नातेवाईक. सुरुवातीला प्रेम असतं, मग हळूहळू कुरबुर. आपल्या बाजारपेठेत दोन भावांचं हार्डवेअरचं दुकान असलं तर तिथल्या पोऱ्याला विचारा. मोठा म्हणतो माल आधी उतरव, धाकटा म्हणतो गिऱ्हाईक बघ. दोघांपैकी एकाची बोलणी त्याला खावीच लागतात.

आता जरा गावात फिरून बघू. नगरपालिकेचा कंत्राटी सफाई कामगार घ्या. पगार देतो ठेकेदार. सकाळी हजेरी घेतो मुकादम. कुठली गल्ली, ते सांगतो आरोग्य निरीक्षक. आणि मध्येच नगरसेवकाचा फोन येतो, माझ्या दारासमोरची गटार आधी काढा. नगरसेवकाची मुदत संपलेली असली तरी फोन येतो! चार हुकूम, एक माणूस, एक फावडं. हे रोजचं झालं. खरी गोष्ट पुढे आहे. त्या माणसाला काम करताना काही इजा झाली की हे चारही साहेब गायब होतात. ठेकेदार म्हणतो मी तिथं जायला सांगितलं नव्हतं. मुकादम म्हणतो मी फक्त हजेरी घेतो. निरीक्षक म्हणतो तो आमचा कर्मचारीच नाही. काल हुकूम द्यायला चारजण होते, आज दवाखान्याचं बिल भरायला एकही नाही.

फेयॉलचं दुसरं तत्त्व इथं येतं. अधिकार तिथं जबाबदारी. तो म्हणतो, माणसांना अधिकार जितका हवाहवासा वाटतो, तितकीच जबाबदारी नकोशी वाटते. आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात ठेवणं हे चांगल्या कारभाऱ्याचं काम. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं तर हे लिहूनच ठेवलं होतं, ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकानं द्यायची. म्हणजे नगरपालिकेचं काम असेल तर नगरपालिकेनं. कायदा करणाऱ्यांना कळत होतं की हुकूम एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, असा खेळ होणार.

आशाताईंचं उदाहरण तर याहून ठळक. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशा आल्या. नाव स्वयंसेविका. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. हुकूम मात्र सगळ्यांचे. गटप्रवर्तक सांगतात, सिस्टर सांगतात, पीएचसीचे डॉक्टर सांगतात, तालुक्याहून मेसेज येतो, जिल्ह्याहून ॲप येतं. या सर्व्हेची माहिती आज संध्याकाळपर्यंत भरा. गावातला सरपंचही सांगतो. हुकूम पाळायच्या वेळी त्या कर्मचारी, आणि हक्क मागायच्या वेळी स्वयंसेविका. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा बातम्यांत फक्त मानधनाचा आकडा आला. मानधनाचा प्रश्न होताच. पण त्यांच्याशी बोलताना दुसरं गाऱ्हाणंही निघतं, नेमकं कुणाचं ऐकायचं ते एकदा सांगा.

इथं कुणीतरी म्हणेल की महाराजांच्या किल्ल्यावर तर तीन-तीन अधिकारी होते, हवालदार, सबनीस आणि कारखानीस. बरोबर आहे. पण तिथं तिघांची कामं वेगळी होती. किल्ल्याची जबाबदारी हवालदाराकडे, हिशोब सबनीसाकडे, कोठाराचा कारभार कारखानीसाकडे. एकट्याच्या फितुरीनं किल्ला जाऊ नये म्हणून ती रचना होती. एकाचं काम दुसऱ्यानं तपासणं निराळं आणि एकाच शिपायाला तिघांनी तीन दिशांना पळवणं निराळं. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

आता बदल्यांकडे येतो. हा आमचा, म्हणजे पत्रकारांचा, आवडता विषय. फेयॉलच्या यादीत सेवेचं स्थैर्य हे बारावं तत्त्व आहे. नव्या माणसाला काम कळायलाच वेळ लागतो, आणि कळायच्या आत त्याला हलवला तर काम कधीच नीट होणार नाही. त्याचं पुढचं म्हणणं तर ऐकण्यासारखं आहे. खूप हुशार पण येणारा-जाणारा साहेब असण्यापेक्षा बेताचा पण टिकून राहणारा साहेब कितीतरी बरा! मोठ्या साहेबांबद्दल त्याला हे वाटत होतं, कारण मोठा साहेब तयार करायला सगळ्यात जास्त खर्च आणि वेळ लागतो.

आपल्या राज्यात यावर चक्क कायदा आहे. २००५ चा, बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा. बोलीत आपण त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतो. अण्णा हजारेंच्या आंदोलनांचा त्यामागं मोठा रेटा होता. एका पदावर साधारण तीन वर्षं ठेवायचं, बदल्या एप्रिल-मेमध्ये करायच्या, असं त्यात आहे. मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी द्या, वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्या, ही सवलतही त्यात आहे. आणि सगळी गाडी त्या सवलतीतूनच बाहेर पडते. अपवाद म्हणून ठेवलेलं दार आता हमरस्ता झालंय. तुकाराम मुंढे हे २००५ च्या तुकडीचे आयएएस, त्यांच्या वीसहून जास्त बदल्या झाल्या. त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल दोन मतं असू शकतात, मलाही आहेत. पण या सरासरीनं एका जागी वर्षभरसुद्धा धड मिळत नाही. वर्षभरात माणूस शहराचं पाणी कुठून येतं आणि कुठं मुरतं, एवढंच शिकेल.

त्याच कायद्यात फाईलचंही आहे. एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, गरज असेल तर तीन महिन्यांत. शिवाय हाताखालच्या कुणाला कुठले अधिकार दिलेत, त्याची यादी कार्यालयानं तयार करून जाहीर करायची. म्हणजे घोड्याच्या चिठ्ठीवर सही कोणाची चालेल, त्याची यादी. ही यादी तुम्ही कधी बघितलीय? मी मागून बघितलीय. मागितल्यावर पहिला प्रश्न येतो, कशाला पाहिजे?

फाईलवर फेयॉलनं एक सुंदर आकृती काढली होती. 'अ' वर, त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या पायऱ्या. एका बाजूला तळाशी असलेल्या एका विभागातल्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या त्याच पातळीवरच्या माणसाशी काम आहे. नियमाप्रमाणं निरोप पाच पायऱ्या वर चढणार, पाच पायऱ्या दुसरीकडे उतरणार आणि उत्तर त्याच वाटेनं परत. एकूण २० टप्पे. फेयॉल म्हणतो, दोघांच्या वरिष्ठांची परवानगी असेल आणि काय ठरलं ते त्यांना कळवलं जाणार असेल, तर दोघांनी सरळ बोलून टाकावं. मध्ये फळी टाका आणि ओलांडा. आपल्याकडे पाणीपुरवठा आणि बांधकाम यांच्या टेबलांमध्ये एक भिंत असते. रस्ता झाल्यावर पंधरा दिवसांनी पाइपलाइनसाठी तोच रस्ता खोदतात, कारण त्या भिंतीत कुणी फळी टाकलेली नाही. याबद्दल विचारलं तर पत्र दाखवतात, आम्ही कळवलं होतं. आणि खरंच कळवलेलं असतं, जावक क्रमांकासहित. फेयॉलला हा पत्रव्यवहाराचा सोस माहीत होता. दोन विभागांत धुसफूस असली की पत्रं वाढतात, त्यापेक्षा तोंडानं बोला, असं त्यानं लिहून ठेवलंय. ते त्यानं कुठल्या तत्त्वाखाली लिहिलंय? संघभावनेच्या. आपण संघभावना म्हणजे गॅदरिंगचा क्रिकेट सामना समजतो.

रिटायर झाल्यावरही म्हातारा गप्प बसला नाही. फ्रान्सच्या टपाल, तार आणि टेलिफोन खात्याचा कारभार तपासून त्यानं १९२१ मध्ये अहवाल छापला. त्यातलं निदान ऐका. खात्याच्या डोक्यावर बसलेला राजकीय माणूस सारखा बदलतो आणि त्याला कामाची जाण नाही. लांब पल्ल्याचं नियोजन नाही. ताळेबंद नाही. खासदारांची लुडबुड जास्त. चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस नाही, आणि जबाबदार कोण ते ठरलेलं नाही. सगळा दोष वरच्यांकडे. टपाल वाटणाऱ्या पोस्टमनला त्यानं आळशी म्हटलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वीचा, परक्या देशातल्या खात्यावरचा अहवाल आहे. आज नाव झाकून आपल्या एखाद्या महामंडळाच्या दारावर चिकटवला तर कुणी हरकत घेईल असं वाटत नाही.

बरं, हे सगळं लागू केलं की सुवर्णयुग येईल, असंही नाही. एकच साहेब असावा म्हणून हुकूमशहा साहेब तयार होतात, तेही आपण बघतो. शाळेत, संस्थेत, कारखान्यात. वरचा सांगेल ते ऐका, वर तोंड करायचं नाही, आणि वर 'आदेशातील एकवाक्यता' म्हणायला मोकळे. ही पळवाट फेयॉलनं ठेवलेली नव्हती. हाताखालच्याला पुढाकार घेऊ द्या, हे त्याचं तेरावं तत्त्व, आणि त्यासाठी साहेबानं आपला अहंकार थोडा बाजूला ठेवावा लागतो, असं तो स्पष्ट म्हणतो. समता हे अकरावं. त्याच्या मते नुसता नियमाप्रमाणं न्याय पुरत नाही, त्यात आपुलकी घालावी लागते. आणखी एक. ही तत्त्वं म्हणजे दगडावरची रेघ नाही, परिस्थिती बघून वापरायची, आणि त्यांची संख्याही काही ठरलेली नाही, असं त्यानंच सांगितलं होतं. १४ चा पाढा आपण केला, कारण प्रश्नपत्रिकेत गुण वाटायला आकडा लागतो.

कामगाराच्या कामात कारभाराचा वाटा किती, याचाही त्यानं एक तक्ता केला होता. कामगाराच्या अंगी हाताचं कौशल्य १०० पैकी ८५ हवं, आणि कारभाराची समज ५. जसजसं वर जाऊ, तसं हाताचं कौशल्य कमी आणि कारभार जास्त. मला त्या ५ चं अप्रूप वाटतं. त्यानं शून्य लिहिलेलं नाही. गटार काढणाऱ्यालाही कुठली गटार आधी तुंबते हे कळतं, त्याला विचारायचं असतं. आपल्या नालेसफाईच्या बैठकीत त्याला कधी खुर्ची मिळालीय?

तलाठ्यांचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकांचं ग्रामपंचायत अधिकारी झालं. नाव बदललं याचं वाईट नाही, त्यांना मान मिळायलाच हवा. पण तीन-चार गावांचा चार्ज एकाकडेच असेल, तर पाटीवर काहीही लिहा, दार बंदच दिसणार.

शेवटी एक काम सांगतो, जमलं तर करा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. त्यानुसार अधिसूचित सेवा देणाऱ्या प्रत्येक कार्यालयात फलक पाहिजे. सेवा कोणती, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं अपील कुणाकडे आणि दुसरं कुणाकडे. सबळ कारण नसताना सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. येत्या आठवड्यात तुमचं ज्या कार्यालयात काम असेल, तिथल्या फलकाचा एक फोटो काढा. त्यावरचा अधिकारी अजून त्याच जागेवर आहे का, की बदलून गेलाय, तेवढं विचारा. आणि साहेब रजेवर असतील तेव्हा सही कोण करतं, हेही विचारा, शांतपणे, क्लार्कला न दुखावता. त्याचा काही दोष नसतो. आलेली उत्तरं इथं कमेंटमध्ये टाका, गावाच्या आणि कार्यालयाच्या नावासकट. क्लार्कचं नाव नको. महिनाअखेरीस सगळी एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी देऊ आणि पोच घेऊ.